स्गुर लियाच्या खिंडीपर्यंत

१४ एप्रिल

ठरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्गुर लिया.

टॉर्किल दुपारी आला, न विचारता चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाला, "मर्डो, ह्या वर्षी तो डोंगर उरकून टाक. तुझा डोंगर राहिलाय म्हणून मला मरताही येत नाही."

स्कॉटलंडातले तीन हजार फुटांवरचे सगळे डोंगर, ज्यांना आम्ही मन्रो म्हणतो, माझे चढून झालेत. हा एकच उरलाय, आणि तो मी मुद्दाम राखलाय. गाडीरस्त्यापासून इतका आत की एक अख्खा दिवस चालून बॉथी गाठायची, त्या दगडी झोपडीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी चढायचं. शेवटचा डोंगर असाच हवा. बसमधून उतरून चढला तर त्यात काय राम?

टॉर्किलचा शेवटचा बारा वर्षांपूर्वी झाला. माथा जवळ आला तसे आम्ही सगळे मागे थांबलो. तो एकटा पुढे गेला, माथ्यावरच्या दगडांच्या राशीला हात लावला, आणि मग मी बाटलीचं बूच काढलं. पद्धतच आहे तशी. ज्याचा शेवटचा डोंगर असतो त्याच्या आधी राशीला कोणी शिवायचं नाही आणि तिथे पोचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. माझ्यासाठीची बाटली त्यानं केव्हाच आणून ठेवलीय म्हणे.

फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये जन्मभर रोजची नोंद लिहिली, पण तेल किती आणि दाब किती यापलीकडे तिच्यात काही नसे. ही नोंद जरा सविस्तर ठेवावी म्हणतो.

२६ एप्रिल

सरावासाठी गावामागच्या टेकडीवर गेलो. टॉर्किल, मी आणि ऊना. ऊना माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेला, तेव्हापासून तिचा रविवार माझ्याकडेच असतो. बंदरावर टपालाचं दुकान चालवते आणि उरलेल्या वेळात मला चालवते.

टॉर्किल म्हातारा झाला, हे आज लिहायलाच हवं. टेकडी ती काय, आणि हा चार वेळा बुटाची नाडी बांधायला बसला. सुतार माणूस, आयुष्यभर होड्या बांधल्या, आणि साधी नाडी बांधता येईना? ऊनाचं आणखी वेगळंच. तिला एकाएकी पक्ष्यांचा नाद लागलाय. दर शंभर पावलांवर "काका, थांब थांब, तो बघ" सुरू. मी विचारलं, कोणता पक्षी? म्हणाली, "तपकिरी होता."

थांबण्याला माझी हरकत नव्हती. हवा आज जडच होती.

बूट घट्ट होऊ लागलेत. चामडं आटलं असणार. रात्री उशीखाली आणखी एक उशी घ्यावी लागते, नवी गादी फार सपाट आहे.

९ मे

ऊनानं गोड बोलून डॉक्टरकडे नेलं. नवी डॉक्टरीण माझ्या बुटांपेक्षा तरुण असेल. पायाच्या घोट्यात बोट दाबलं, खळगा पडला, तो बराच वेळ भरला नाही. मग छातीला नळी लावून ऐकत बसली. इंजिन ऐकताना मी असाच चेहरा करायचो, तेव्हा मला कळायचं ते कळलं.

"हृदय दमलंय तुमचं. पुरेसं रक्त ढकलत नाहीये, म्हणून पायात पाणी उतरतंय."

"सत्तरी ओलांडल्यावर कोणाचं दमत नाही?"

"अंगातलं पाणी काढायला गोळ्या देते. इन्व्हर्नेसच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासणी करावी लागेल, तिथली तारीख जुलैची मिळतेय. तोपर्यंत डोंगर नाही."

"आणि चढलो तर?"

"चढता चढता बंद पडू शकतं," ती म्हणाली. सरळ सांगितलं, हे तिचं मला आवडलं.

पण जुलैत ते जर म्हणाले की कधीच नाही, तर? म्हणजे जायचं ते त्याआधीच. माझं गणित सरळ आहे. परत येताना गाडीत ऊनाला बजावलं, टॉर्किलला ह्यातलं अक्षर कळता कामा नये. त्याला कळलं तर तो माझ्याकडे आजाऱ्यासारखा बघायला लागेल. ते मला सोसवणार नाही.

"मी कशाला सांगू?" ऊना म्हणाली. डोळे लाल होते. तिला वसंतात परागकणांचा त्रास होतो.

१३ मे

टॉर्किल आला होता. त्याची तब्येत चांगली नाही. मीच विचारलं, कारण माणूस चहा गार होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

"दम लागतो रे हल्ली," म्हणाला. "स्गुर लियाला मला जरा सांभाळून न्या. हळू जाऊ."

"तुला झेपणार नसेल तर राहू दे."

"तू जाणारच आहेस का पण? पुढच्या वर्षीही जाता येईल."

"ह्या जूनमध्येच जाणार. तू नसलास तर एकटा."

"एकटा जाशील?"

"जाईन."

त्यानं गार चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "मग मी येतो. पण पुढे मी चालणार. सगळ्यात हळू चालणाऱ्यानं पुढे राहायचं, विसरलास का?"

विसरेन कसा? नवख्या पोरांना ते मीच शिकवायचो. कबूल केलं. मनातून वाईट वाटलं. ह्या माणसाच्या पाठीमागून मी चाळीस वर्षं चाललो, पण तेव्हा तो दिसेनासा व्हायचा.

५ जून, बॉथी

पोचलो. सकाळी निघालो होतो, दिवे लावायची वेळ झाली, अर्थात जूनमध्ये इथे रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, दिवे कोण लावतो. टॉर्किल गोगलगायीसारखा पुढे, मी मध्ये, ऊना मागे. वाटेत ओढ्यापाशी, दलदलीपाशी, तुटक्या कुंपणापाशी बसलो. टॉर्किलला प्रत्येक ठिकाणची गोष्ट आठवत होती आणि तो ती बसूनच सांगत होता. त्यातल्या निम्म्या मी यापूर्वी ऐकल्यात आणि एक तर माझीच आहे.

वारा पडला आणि चिलटं उठली. डोक्यावर जाळ्या घालून स्टू खाल्ला, म्हणजे जाळी उचलायची, घास घालायचा, चारपाच चिलटंही गिळायची. ऊना म्हणाली, "काका, मांस कमी पडलं होतं, भरून निघालं."

"गोळ्या घेतल्यास ना?" तिनं हळूच विचारलं.

"घेतल्या."

घेतल्या नाहीत. कालही नाही आणि आजही नाही. त्या गोळ्या घेतल्या की दर अर्ध्या तासाला दगडाआड पळावं लागतं, आणि ह्या माळावर दगडही सोयीचे नाहीत.

मी भिंतीला टेकून बसूनच झोपणार आहे. आडवं झालं की ह्या बॉथीत हवा पुरत नाही. टॉर्किल माझ्याशेजारी येऊन तसाच बसलाय. त्यालाही पुरत नसावी.

६ जून, बॉथी

हात दुखतोय, पण आजचं आजच लिहितो.

सकाळ अशी की वर्षातून दोनदा मिळावी. ढग नाहीत, वारा बेताचा, करडा माथा बॉथीच्या दारातून दिसत होता. टॉर्किलनं बाटली मोज्यात गुंडाळून सॅकमध्ये घातली. निघालो.

पहिला चढ हेदरच्या झुडपांतून आहे, तो गुडघ्यांचा जीव घेतो. मग दगडगोटे. सॅकचा पट्टा छातीवर फार आवळला होता. ढिला केला. तरी आवळलेलाच. शेवटी ऊना म्हणाली, "आण, ती सॅक मला दे, मला व्यायाम होईल." दिली. तरी पट्टा आवळलेलाच वाटत राहिला, ही गंमतच. काठी घट्ट धरून धरून डावा हात बधिर झाला.

टॉर्किल वीस पावलं टाकायचा आणि थांबायचा. वीस पावलं, थांबायचा. मागे वळून बघायचा. मी म्हणायचो, "मी आहे, तू चल." तो म्हणायचा, "मला नाही ना होत." असं करत दुपारी खिंडीत आलो.

खिंडीतून माथा समोर. एक मोकळी धार, फारशी उभीसुद्धा नाही, आणि टोकाला दगडांची रास. अर्ध्या तासाचं काम. राशीवर डोमकावळा बसला होता. माझ्या आधी कोणी शिवायचं नाही हे त्याला कोण सांगणार?

मला वाटलं, बाप रे, खरंच झालं. मला हसू फुटलं आणि खोकला आला आणि तो थांबेना. खोकून तोंडाला फेस आला, थोडा गुलाबी. सकाळी जॅम खाल्ला होता.

खोकला थांबल्यावर बघतो तर टॉर्किल खाली बसलेला.

"बास," तो म्हणाला.

"बास काय? समोर तर आहे."

"दिसतंय मला. माझ्यानं होत नाही, मर्डो."

"काय होतंय?"

"छाती भरून आलीय. पाऊल उचलत नाही. मला खाली न्या."

मी तोंडाला येईल ते बोललो. जे बोललो ते सगळं लिहीत नाही, ऊना समोर होती. एवढं लिहितो की त्याच्या शेवटच्या डोंगरावर मी अंगात ताप घेऊन चढलो होतो, हे मी त्याला ऐकवलं.

"आला होतास," तो म्हणाला. "खरंय."

"मग तू इथेच बस. ऊना थांबेल तुझ्यापाशी. मी जाऊन हात लावून येतो."

 ऊनानं माझी सॅक पोटाशी धरली होती.

टॉर्किल म्हणाला, "जा. पण तू निघालास की मी उठणार. तुझ्या शेवटच्या डोंगरावर मी खाली बसून राहीन असं वाटलं तुला? मागून येईन. पडलो तर पडलो. मग तुम्ही दोघं बघा मला कसं उचलायचं ते."

"हा सरळसरळ हलकटपणा आहे, टॉर्किल."

"आहे."

एक परतला तर सगळे परततात, असा आमचा चाळीस वर्षांचा नियम. तो मोडणाऱ्याबरोबर पुन्हा कोणी दोर बांधत नाही. पण मला नियमानं अडवलं नाही, खरं सांगतो. आज मी तो मोडणार होतो. एक पाऊल टाकलंही धारेवर. मागे वळून बघितलं तर तो खरोखरच काठीवर भार देऊन उठत होता, आणि त्याचा चेहरा पाहिला. पांढराफटक. डोळ्यांत पाणी. हिवाळ्यात बर्फाचा कडा फुटून आम्ही दोघं घसरलो होतो, तेव्हासुद्धा हा माणूस शिव्या देत घसरला होता. त्याला एवढा घाबरलेला मी कधी बघितला नव्हता. वाटलं, हा मरणार. माझ्या डोळ्यांदेखत मरणार, आणि मी तिकडे दगडाला हात लावत उभा असणार.

परत फिरलो.

"ऊठ," म्हटलं. "चल खाली. डोंगर कुठे पळून जातोय?"

त्यावर तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. ऊनाही रडली. रडायचं ते मी रडायला हवं होतं, डोंगर माझा राहिला होता. पण तिघांत कोणीतरी भानावर असावं लागतं.

उतरताना त्यानं ऊनाकडून माझी सॅक मागून घेतली. म्हणाला, पाठीवर ओझं असलं की उतारावर त्याचा तोल राहतो. आजारी माणसाशी वाद नको म्हणून घेऊ दिली. ऊना पुढे धावत गेली, खालच्या शिकाऱ्यांच्या लॉजमधून मदत मागायला. शिकारीत मारलेली हरणं आणायची त्यांची आठ चाकांची गाडी असते, ती सकाळपर्यंत इथे येईल. टॉर्किलसाठी तेच बरं.

बाटली त्यानं तशीच परत आणली. विचारलं, घोटभर घेतोस का, तरतरी येईल. भडकला. "तिथे उघडायची ती इथे उघडू?" एवढा भडकू शकतो म्हणजे थोडा सावरलाय.

७ जून, घरी

गाडीत हाकणाऱ्याशेजारी एकच जागा होती. टॉर्किलला त्या गाडीत मळमळतं, म्हणून त्यानं हट्ट करून मला बसवलं आणि माझ्या अंगावर घोंगडी टाकली. तो मागे हरणांच्या जागी बसून आला. हाकणारा सारखा माझ्याकडे बघत होता. म्हटलं, आजारी मागे बसलाय, हळू चालव.

घरी आल्यावर अंघोळीला बसलो आणि तिथे मला रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. तो डोंगर मला हवा होता. फार हवा होता.

१० जून

मुद्दाम डॉक्टरीणबाईंकडे गेलो, टॉर्किलबद्दल सांगायला. छातीत भरून येणं, पाऊल न उचलणं, चेहरा पांढरा पडणं, सगळं सांगितलं. ती लिहून घेईना. माझीच छाती तपासली, गोळ्या घेतल्या नव्हत्या हे तिला कसं कोण जाणे कळलं, आणि जुलैची वाट न बघता मला आजच्या आज इन्व्हर्नेसला धाडलं. एकाचं दुखणं सांगायला जावं तर दुसऱ्यालाच भरती करतात. सगळा गोंधळ आहे.

२८ जून

हॉस्पिटलातून आलो. काखेजवळ कातडीखाली एक यंत्र बसवलंय, हृदय अडखळलं की ते ढोसणार. इंजिनाला बाहेरून जोड दिलेली मला कधीच आवडली नाही, पण चालतंय.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, खिंडीपर्यंत गेलात आणि वरच्या अर्ध्या तासासाठी फिरलात कसे? म्हटलं, मी कुठे फिरलो, मित्राला त्रास झाला.

ते म्हणाले, "मित्र चांगला आहे तुमचा."

"चांगला कसला?" म्हटलं. "ऐनवेळी हातपाय गाळले त्यानं."

यापुढे डोंगर बंद म्हणाले, कायमचे. मी म्हटलं ठीक. टॉर्किलशिवाय मी तसाही गेलो नसतो.

१९ जुलै

टॉर्किल डॉक्टरकडे जायला तयार नाही. मी त्याच्या मागेच लागलो. शेवटी असं ठरलं की मी माझ्या गोळ्या नियमानं घ्यायच्या, त्याच्यासमोर, मग तोही काहीतरी घेईल. आता रोज सकाळी येतो, मी माझ्या गिळतो, तो त्याची एक गिळतो. त्याच्या गोळ्यांच्या डबीवर 'माशाचं तेल' लिहिलंय. तेवढ्यानं काय होणार, पण त्याला दुखवू कशाला.

ऊनानं पक्षी बघायचं सोडलंय. कोणत्याच गोष्टीचा पिच्छा पुरवत नाही ही मुलगी.

३० ऑगस्ट

रोज संध्याकाळी टॉर्किलला धक्क्यापर्यंत फिरवून आणतो. त्याच्या तब्येतीला हवं. मी बेतानं चालतो, म्हणजे त्याला आपण मागे पडतोय असं वाटत नाही. आता रंग बराच सुधारलाय त्याचा.

आज धक्क्यावर बसलो असताना त्यानं एकाएकी विचारलं, "मर्डो, तुला राग आहे का माझा? डोंगराबद्दल?"

"छे," म्हटलं. "मला त्याची हौसच राहिली नव्हती. दुरून बघितला, पुरे झालं."

खोटं बोललो. हौस आहे. सकाळी जाग आली की पहिली ती धार डोळ्यांसमोर येते. पण आपल्यामुळे मित्राचा डोंगर राहिला, हे ओझं त्यानं ह्या वयात कशाला वाहायचं? मी वाहीन, मला झेपतं.

 तो माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "तू फार चांगला माणूस आहेस, मर्डो." चाळीस वर्षांत असलं काही बोलला नव्हता. मी म्हटलं, "तू खरंच आजारी आहेस रे."

एकटा जाऊ नये म्हणून त्याला त्याच्या दारापर्यंत सोडायला गेलो. मग तो मला सोडायला माझ्या दारापर्यंत आला.